शिकारीचा नियम बदलायचाय? सह्या गोळा करण्याआधी हे वाचा

नव्या हंगामाची पुस्तिका येते, आपल्या युनिटमधले, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या विभागातले, चार दिवस कमी झालेले दिसतात आणि तासाभरात अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या ग्रुपवर एक लिंक फिरायला लागते: 'सही करा आणि पुढे पाठवा.' दोन दिवसांत काही हजार सह्या जमतात, आठवड्यानं विषय थंडावतो. ज्यांनी नियम केला त्यांच्यापर्यंत यातलं बहुतेक काही पोचतच नाही. पोचलं तरी उत्तर द्यायचं त्यांच्यावर बंधन नसतं.

उत्तर द्यायला लावणारा एक मार्ग मात्र आहे: नियमबदलाचा रीतसर अर्ज. अनेक राज्यांत आहे, पण प्रत्येकाचे तपशील वेगळे. मी इथे वॉशिंग्टन राज्याचाच धरतो, कारण तिथली पद्धत कायद्यात नेमकी लिहिलेली आहे आणि गेल्या काही वर्षांत शिकारी आणि शिकारविरोधक दोघांनीही ती पुरेपूर वापरली आहे. सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड या पट्ट्यात मराठी माणूस भरपूर. त्यातले शिकारीला जाणारे थोडे, पण हंटर एज्युकेशनचा कोर्स करून हरणाचा टॅग, म्हणजे एक हरीण मारायची परवानगी, काढणारे आहेत. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी असल्यामुळे आपल्याला 'शिकाऱ्यांनी सरकारकडे मागणी करायची' ही कल्पनाच जरा विचित्र वाटते. वॉशिंग्टनमध्ये परवाना, टॅग, हंगाम आणि अहवाल असा सगळा रीतसर कारभार आहे आणि भांडण चालतं ते त्या कारभाराच्या तपशिलावर.

आधी बघा, चावी कुणाकडे आहे

बहुतेक मोहिमा इथेच फसतात. वॉशिंग्टनमध्ये शिकारीचे नियम करतं ते राज्याचं फिश अँड वाइल्डलाइफ कमिशन, म्हणजे मत्स्य आणि वन्यजीव आयोग. नऊ सदस्य, गव्हर्नरांनी नेमलेले, सहा वर्षांची मुदत. किमान तिघे कॅस्केड पर्वतरांगेच्या पूर्वेकडचे, किमान तिघे पश्चिमेकडचे आणि एका काउंटीतून दोन सदस्य चालत नाहीत. हंगामाच्या तारखा, कुठल्या युनिटमध्ये काय मारता येईल, परवाने किती, हत्यार कोणतं, हे या नऊ जणांच्या हातात.

पण सगळंच त्यांच्या हातात नाही. उदाहरण घ्या. कूगर म्हणजे तिथला पहाडी सिंह. त्याच्यामागे कुत्रे सोडून शिकार करायला परत परवानगी द्या, अशी मागणी दर एक-दोन वर्षांनी उठते. ती आयोगाकडे करून उपयोग नाही. १९९६ मध्ये इनिशिएटिव्ह ६५५ वर, म्हणजे नागरिकांनीच मांडलेल्या कायद्याच्या प्रस्तावावर, राज्यभर मतदान झालं, सुमारे ६३ टक्के लोकांनी बाजूनं मत दिलं आणि कूगर, अस्वल, बॉबकॅट (एक रानमांजर) यांच्यामागे हौशी शिकारीसाठी कुत्रे सोडणं कायद्यानंच बंद झालं. अस्वलाला आमिष टाकणंही त्यातच गेलं. कायदा बदलायचा तर विधिमंडळाकडे जा. आयोगाला त्यात शब्दाचाही फेरफार करता येत नाही. तसंच स्थलांतरित बदकांच्या हंगामाची चौकट केंद्र सरकार ठरवतं आणि आदिवासी राष्ट्रांचे करारानं मिळालेले शिकारीचे हक्क वेगळे आहेत, त्यांचे हंगाम ती राष्ट्रं स्वतः ठरवतात.

म्हणून पहिलं काम म्हणजे तुमची तक्रार कुठल्या कलमातून आली ते शोधणं. आयोगाचे नियम राज्याच्या प्रशासकीय संहितेत, म्हणजे वॉशिंग्टन अॅडमिनिस्ट्रेटिव्ह कोडमध्ये, शीर्षक २२० खाली आहेत. विधिमंडळाचे कायदे रिव्हाइज्ड कोडमध्ये, वन्यजीवांसाठी मुख्यतः शीर्षक ७७. दोन्ही ऑनलाइन फुकट वाचायला मिळतात. कलम २२० नं सुरू होत असेल तर पुढे वाचा. ७७ नं सुरू होत असेल तर आपल्या जिल्ह्याच्या आमदाराचा पत्ता शोधा.

सह्यांची मोहीम वेगळी, नियमबदलाचा अर्ज वेगळा

चेंज डॉट ऑर्गसारख्या सह्यांच्या साइटवर टाकलेली मागणी हे फक्त मत आहे. नियमबदलाचा अर्ज हा कायद्यानं दिलेला हक्क आहे. रिव्हाइज्ड कोडचं कलम ३४.०५.३३० सांगतं की कोणतीही व्यक्ती कुठल्याही सरकारी यंत्रणेकडे नियम करा, बदला किंवा रद्द करा असा अर्ज करू शकते. यंत्रणेला ६० दिवसांत दोनपैकी एक करावंच लागतं. एक तर लेखी नकार, तोही अर्जातल्या मुद्द्यांना धरून कारणं देत, नाहीतर नियम करण्याची प्रक्रिया सुरू.

'कोणतीही व्यक्ती' हे आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं. मतदानाचा हक्क लागत नाही, नागरिकत्व लागत नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत पंधरा वर्षं उभा असलेला माणूसही हा अर्ज करू शकतो. मात्र एक सांगून ठेवतो. एच-१बीसारख्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक बाळगायला केंद्राच्या कायद्यानं मुळात मनाई आहे आणि शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. वॉशिंग्टन राज्याची अशा लोकांसाठी वेगळी परवानगी आणखी वर आहे. तो विषय मित्राला विचारून नव्हे, वकिलाला विचारून मिटवा.

आणि हो, या अर्जाला एकच सही पुरते. तुमची.

सह्यांच्या आकड्यावर लोकांचा भाबडा विश्वास असतो, म्हणून ब्रिटनचं एक उदाहरण. तिथे संसदेचीच अधिकृत पिटिशनची साइट आहे. १०,००० सह्यांना सरकारचं उत्तर, १,००,००० ला चर्चेचा विचार. २०१६ मध्ये हाकारा घालून ग्राउस पक्ष्यांची शिकार करण्यावर बंदी घाला या मागणीला १,२३,००० सह्या मिळाल्या. ग्राउसची शिकार वाचवा म्हणणाऱ्या विरुद्ध मागणीला त्याच्या जेमतेम एक पंचमांश. ३१ ऑक्टोबरला दोन्हींवर एकत्र चर्चा झाली. कायदा जिथे होता तिथेच राहिला. २०२५ च्या जूनमध्ये याच विषयावर पुन्हा चर्चा झाली, पुन्हा सरकारनं बंदीचा विचार नसल्याचं सांगितलं. दोन्ही वेळा शिकारी जिंकले ते सह्यांनी नव्हे, आणि हरलेले हरले तेही सह्या कमी पडल्या म्हणून नव्हे.

अस्वलाच्या हंगामाची गोष्ट

वॉशिंग्टनमध्ये वसंतात काळ्या अस्वलाची मर्यादित शिकार चालायची. सोडत काढून मोजके परवाने. हिवाळी झोपेतून उठलेलं अस्वल कोवळ्या डग्लस फरची साल बुंध्यापासून नखांनी उभी सोलतं आणि आतला गोडसर थर दातांनी खरवडून खातं. साल सगळीकडून गेली की झाड वाळतं, म्हणून लाकूड कंपन्यांना हा हंगाम हवा होता. एल्कची (तिथलं मोठं हरीण) आणि हरणांची पिल्लं वाचतात, असं शिकाऱ्यांचं म्हणणं. विरोधकांचं म्हणणं, मादी मारली गेली तर गुहेबाहेर नुकती पडलेली पिल्लं अनाथ होतात आणि राज्यात अस्वलं किती याचा धड आकडाच राज्याच्या वन्यजीव खात्याकडे नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये आयोगाची एक जागा रिकामी होती. मतं पडली ४-४. बरोबरी म्हणजे प्रस्ताव पडला, २०२२ चा हंगाम गेला. इथवर शिकाऱ्यांनी नेहमीचं सगळं केलं: ई-मेलचा पाऊस, सह्या, संताप. पण एक गोष्ट नेमकी केली. हंगाम परत आणा म्हणून रीतसर अर्ज दाखल झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये आयोगानं तो मान्य केला. मेलेला विषय पुन्हा पटलावर आला. मार्चमध्ये मतदान झालं, ५-४ नं हंगाम नाकारला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात आणखी एका ५-४ मतानं वसंतातली हौशी शिकार धोरण म्हणूनच बंद झाली.

म्हणजे अर्ज जिंकूनही शिकारी हरले. मधल्या काळात आयोगात नवे सदस्य आले होते. तरी मी ही गोष्ट अपयश म्हणून सांगत नाही. हजारो ई-मेलना जे जमलं नाही, ते एका अर्जानं झालं: बंद झालेली चर्चा दोन महिन्यांत अधिकृतपणे उघडली. पुढचं मत कुणाच्या बाजूनं पडेल हे अर्ज ठरवत नाही, समोर बसलेली नऊ माणसं ठरवतात. म्हणून अर्जाआधी आयोगाच्या दोन-तीन बैठकांची रेकॉर्डिंग बघा. कोण कसले प्रश्न विचारतो, कुणाला आकडे लागतात, कोण पिल्लांचा मुद्दा काढतो, हे एका संध्याकाळी कळतं. वाचून जे कळत नाही ते त्यांच्या सुस्काऱ्यांवरून कळतं.

अर्ज लिहिताना

राज्याचा ठरावीक फॉर्म आहे. नवा नियम, दुरुस्ती की रद्द, यातला एक पर्याय निवडायचा, नियमाचा क्रमांक लिहायचा आणि कारण द्यायचं. कारणांचे चौकोन आधीच छापलेले असतात: नियम स्पष्ट नाही, त्याची गरज उरली नाही, ज्यासाठी केला ते साधत नाही, अवाजवी खर्च पडतो, दुसऱ्या नियमाशी विसंगत आहे, आयोगाला तसा अधिकारच नाही, वगैरे. सगळ्या चौकोनांवर टिक मारायचा मोह होतो. मारू नका. दोन निवडा आणि त्या दोन्हींवर पुरावा द्या. आठ कारणं दिली की उत्तर देणारा सगळ्यात लंगडं कारण उचलतो.

मागणी कशी लिहायची ते बघा. समजा, एका युनिटमधल्या काळ्या शेपटीच्या हरणांच्या नोव्हेंबरातल्या हंगामाची तारीख तुम्हाला बदलून हवी आहे.

वाईट मागणी: 'आमच्या परंपरेवर वर्षानुवर्षं अन्याय होतोय. शिकाऱ्यांचं ऐका आणि हंगाम पूर्ववत करा.'

कामाची मागणी: 'अमुक क्रमांकाच्या नियमाच्या तक्त्यात अमुक युनिटसमोर अमुक तारखेऐवजी तमुक तारीख घालावी. बाकी मजकूर तसाच ठेवावा.' आणि खाली नियमाचा मूळ मजकूर, त्यात काढायचे शब्द खोडलेले, घालायचे शब्द अधोरेखित. कर्मचाऱ्याला ते उचलून मसुद्यात चिकटवता आलं पाहिजे. हे जितकं कोरडं, तितकं बरं.

एका अर्जात एकच विषय. हे मिशिगनच्या शिकाऱ्यांना फार महागात पडलं. २०१४ मध्ये त्यांच्या संघटनांनी कागदावर लाखो सह्या गोळा करून वन्यजीवांचे निर्णय तज्ज्ञ आयोगाकडे देणारा, म्हणजे पर्यायानं लांडग्याच्या शिकारीची वाट मोकळी करणारा, कायदा विधिमंडळाकडून मंजूर करून घेतला. त्यात सैन्यात असलेल्यांना शिकार-मासेमारीचे परवाने फुकट, असं एक लोकप्रिय कलमही घातलं होतं. सह्या मिळवायला ते चांगलंच. २०१६ मध्ये अपील न्यायालयानं म्हटलं की या कलमाचा कायद्याच्या विषयाशी संबंध नाही आणि त्या कारणानं आख्खा कायदा घटनाबाह्य ठरला. विधिमंडळाला डिसेंबरात तोच कायदा ते कलम वगळून पुन्हा करावा लागला. जाता जाता हेही लक्षात घ्या की अशा मतदानासाठीच्या सह्या कागदावर, शाईनंच लागतात. ऑनलाइन नोंदवलेल्या लाखभर नावांची तिथे किंमत शून्य.

कारणांमध्ये शिकाऱ्यांचा आवडता मुद्दा असतो 'पैसे आम्ही भरतो'. खोटा नाही. परवान्यांची फी आहेच, शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवरचा ११ टक्के केंद्रीय कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. पण नऊ जणांसमोर हा मुद्दा हक्क सांगितल्यासारखा ऐकू येतो, कारण वन्यजीव ही कायद्यानं राज्याची मालमत्ता आहे, परवानाधारकांची नाही. त्याऐवजी कलम ७७.०४.०१२ उघडा. आयोगाचं काम तिथे लिहिलं आहे: वन्यजीव जपणं, टिकवणं, त्यांचं व्यवस्थापन करणं. आणि त्याच कलमात पुढे, लहान मुलं, अपंग आणि ज्येष्ठांसह सर्व नागरिकांना शिकार व मासेमारीची संधी जास्तीत जास्त मिळावी असा प्रयत्न आयोगानं करावा, हेही आहे. तुमची मागणी या दोन्ही वाक्यांत बसते हे दाखवा. पहिलं वाक्य गाळून दुसऱ्यावरच जोर देणारे अर्ज खूप येतात. ते वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.

पुरावा खात्याचाच वापरा. हरीण, एल्क, अस्वल, टर्की यांचा टॅग घेतलेल्या प्रत्येकाला ३१ जानेवारीपर्यंत अहवाल द्यावा लागतो, काही मारलं नसेल तरी. न दिल्यास पुढच्या वर्षी १० डॉलर दंड. त्या अहवालांतून युनिटवार आकडे तयार होतात आणि खातं ते दरवर्षी छापतं. त्याच्या जोडीला खात्याचा प्राण्यांच्या स्थितीचा वार्षिक अहवाल असतो. तुमच्या युनिटची गेल्या पाच-सहा वर्षांची ओळ काढा. ओळ तुमच्या विरुद्ध जात असेल तर अर्ज करूच नका, किंवा मागणी बदला. 'आम्हाला जंगलात हरणं दिसत नाहीत' हे वाक्य खरं असेलही, पण त्याला अर्जात जागा शेवटी.

केव्हा द्यायचा

वॉशिंग्टनमध्ये हंगामाचे मोठे नियम तीन वर्षांच्या गठ्ठ्यानं होतात: २०२१ ते २३, २०२४ ते २६, मग २०२७ ते २९. गठ्ठा मंजूर झाल्यावर आठवड्यानं अर्ज दिला तर उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं: 'पुढच्या फेरीत विचार करू.' फेरी सुरू होताना खातं लोकांच्या सूचना मागवतं, तेव्हा अर्जही लागत नाही. नुसती नेमकी सूचना कर्मचाऱ्यांच्या यादीत शिरू शकते. अर्ज राखून ठेवा तो सूचना गळल्यावर किंवा मध्येच काही तातडीचं निघाल्यावर.

अर्ज मान्य झाला तर प्रक्रिया तीन कागदांतून जाते. सीआर-१०१ म्हणजे नियम करायचा विचार आहे अशी सूचना, सीआर-१०२ म्हणजे मसुदा आणि सुनावणीची तारीख, सीआर-१०३ म्हणजे अंतिम आदेश. मधला टप्पा हा आपल्याकडच्या 'हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत' सारखा. फरक इतकाच की तिथे अंतिम आदेशाबरोबर आलेल्या हरकतींचा सारांश आणि प्रत्येक मुद्द्याला उत्तर यंत्रणेला लिहावं लागतं.

मग ऑनलाइन सह्यांचं काय करायचं?

त्या टाकाऊ नाहीत, पण जागा मधल्या टप्प्यावर आहे. कायदा म्हणतो की हरकतींना विषयवार उत्तर द्या. याचा व्यवहारातला अर्थ असा की एकच मजकूर चिकटवलेली दोन हजार ई-मेल एकाच रकान्यात पडतात आणि त्यांना एक परिच्छेद उत्तर मिळतं. दहा माणसांनी दहा वेगळे मुद्दे लिहिले तर दहा उत्तरं द्यावी लागतात. म्हणून सह्यांच्या पानाचा उपयोग माणसं शोधायला करा. सही करणाऱ्याला तीनच प्रश्न विचारा: कुठल्या युनिटमध्ये जाता, किती वर्षं जाता, या नियमामुळे तुमचं नेमकं काय बदललं. ज्यांची उत्तरं ठोस आहेत त्यांना फोन करा आणि म्हणा, हेच तुमच्या शब्दांत आयोगाला लिहा. पन्नास जणांतून आठ लिहितील. आठ पुरतात.

शिकारी नसलेले सह्या देणारे मिळाले तर सोन्याहून पिवळं: फळबाग असलेला शेतकरी, जंगलात चालायला जाणारी बाई, शाळेतला जीवशास्त्राचा शिक्षक.

अर्जात आणि पत्रात जे लिहाल ते सार्वजनिक कागदपत्र होतं. राज्याच्या सार्वजनिक नोंदींच्या कायद्यानं ते कुणीही मागू शकतं, तुमच्या नावासकट. घराचा पत्ता, मुलांचे फोटो, आवडती शिकारीची जागा यातलं काही घालू नका. कुणा सदस्याला धमकीवजा एक ओळ गेली, तरी पुढचे तीन महिने चर्चा त्या ओळीवर होते. हाच कायदा उलट्या बाजूनंही कामाला येतो. २०२५ मध्ये स्पोर्ट्समेन्स अलायन्स या शिकाऱ्यांच्या संघटनेनं आयोगाच्या सदस्यांचा पत्रव्यवहार याच मार्गानं मिळवला आणि चार सदस्यांना काढा अशी मागणी गव्हर्नरांकडे केली. ती आयोगाकडच्या अर्जापेक्षा निराळी गोष्ट, वकिलांच्या फौजेची. पण कागद मागायला वकील लागत नाही.

बैठकीत बोलताना

आयोगाच्या बैठका ऑनलाइनही ऐकता येतात आणि आधी नाव नोंदवून बोलताही येतं. साधारण तीन मिनिटं मिळतात. पहिल्या वाक्यात नियमाचा क्रमांक आणि मागणी, मग स्वतः पाहिलेली एकच गोष्ट, मग गप्प. आधीचा माणूस तुमच्याच मुद्द्यावर बोलून गेला असेल तर 'त्यांच्याशी सहमत' म्हणा आणि दुसरा मुद्दा घ्या. आपल्या उच्चारांची काळजी करू नका. त्या खोलीत नेहमीच्या चेहऱ्यांपेक्षा वेगळा कुणी उभा राहिला की सदस्य मान वर करून ऐकतात.

नकार आला तर

नकाराचं पत्र संतापून फेकू नका, त्यात कारणं असतात आणि पुढचा अर्ज त्या कारणांवरच उभा राहतो. शिवाय नकारानंतर ३० दिवसांत गव्हर्नरांकडे अपील करता येतं आणि गव्हर्नरांना ४५ दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. ही पायरी नावापुरती नाही. लांडगे आणि गुरांच्या संघर्षाबद्दल पर्यावरण संघटनांनी केलेला अर्ज आयोगानं २०२३ मध्ये फेटाळला, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये तत्कालीन गव्हर्नर जे इन्सली यांनी अपील मान्य केलं आणि नियम करायची प्रक्रिया सुरू करायला सांगितलं. शिकाऱ्यांपेक्षा त्यांच्या विरोधकांनी ही पायरी जास्त शिताफीनं वापरली आहे, हे कबूल करायला हवं.

अपिलात नवे मुद्दे आणू नका. आयोगानं दिलेल्या कारणांपैकी कुठलं कारण तुमच्या अर्जातल्या मुद्द्याला उत्तर देत नाही, तेवढंच दाखवा. पत्राची तारीख, पाकिटावरचा शिक्का, ई-मेलची पोच, सगळं जपून ठेवा. ३० दिवस नकाराच्या तारखेपासून मोजले जातात, तुम्ही पत्र उघडलं त्या दिवसापासून नाही.